फांदी तोडण्याआधी मान वर करा

महोदय,

पावसाळ्यापूर्वी झाडांची छाटणी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण नौपाड्यातल्या आमच्या गल्लीत परवा जुन्या आंब्याची फांदी खाली आली ती वटवाघळाच्या मादीसकट. पिल्लू तिच्या छातीला घट्ट बिलगलेले, काखेजवळचे स्तनाग्र तोंडात धरलेले. तरीही गर्दीतल्या एकाने विचारलेच, "हिची अंडी फुटली का?"

वटवाघूळ उडते म्हणून पक्षी होत नाही. त्याचा गर्भ गर्भाशयात वाढतो, वार आणि नाळ यांच्यावाटे आईच्या रक्तातून त्याला अन्न व प्राणवायू मिळतो. झाडांवर वसाहत करणाऱ्या मोठ्या फळवटवाघळांत हे जवळपास पाच महिने चालते, आणि एवढे करून पिल्लू बहुधा एकच. पुढे सुरुवातीचे काही आठवडे आई त्याला अंगावर घेऊनच उडते. पिल्ले मुख्यतः उन्हाळ्याच्या तोंडाशी जन्मतात. म्हणजे आपली छाटणी आणि त्यांचे अंगावर पाजणे एकाच हंगामात!

फळवटवाघळे पूर्वी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 'उपद्रवी' यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच रद्द झाली, हे ठेकेदारांपर्यंत पोहोचलेले दिसत नाही. छाटणीची परवानगी देतानाच 'वसाहत असलेले झाड पिल्ले उडू लागेपर्यंत वगळावे' अशी अट पालिकेने घालावी. तोवर, खाली पडलेले वटवाघूळ कोणी उघड्या हाताने उचलू नये; वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे