मागणी म्हणजे नुसता साखरपुडा नव्हे

प्रिय सोनू,

जय ख्रिस्त. परवा फोनवर तू विचारलंस ना, मम्मी, येशूची आई मरीया आणि योसेफ यांचं लग्न तर झालंच नव्हतं, मग ती गरोदर आहे कळल्यावर तो तिला सोडायचा विचार कसा काय करत होता, आणि मी फोडणी टाकत होते म्हणून नंतर सांगते म्हटलं. तेव्हापासून तेच डोक्यात आहे, म्हणून आज लिहायलाच बसले.

आपल्या बायबलात 'मागणी' शब्द आहे, आणि मागणी म्हटलं की आपल्यापुढे साखरपुडाच येतो, पेढे, साडी, अंगठी, आणि नाहीच पटलं तर दोन्हीकडची माणसं बसून मोडतात. त्यांच्यात तसं नव्हतं गं. यहूदी लोकांत लग्न दोन टप्प्यांत व्हायचं, पहिल्याला एरुसिन म्हणतात. मुलाने साक्षीदारांसमोर मुलीला पैसे किंवा लेखी कागद दिला की ती कायद्याने त्याची बायको, फक्त राहायची आईबापाकडे. मिश्ना म्हणून त्यांचा ग्रंथ आहे, साधारण इ.स. 200 च्या सुमाराचा, त्यात हिल्लेल नावाच्या यहूदी गुरूच्या शाळेचे लोक म्हणतात एक पेरुटा, म्हणजे तांब्याचं सगळ्यात छोटं नाणं, तेवढंही पुरे. नाणं एवढंसं पण नातं मोडायचं तर सूटपत्र, म्हणजे घटस्फोटाचा कागदच लागायचा! मग मुलीला तयारीसाठी बारा महिने, आणि त्यानंतर नवरा तिला घरी न्यायचा. मरीया या मधल्या दिवसांत होती. म्हणून तर मत्तय त्याच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात, तिला घरी आणायच्या आधीच, योसेफाला तिचा पती म्हणतो, बघ काढून.

आणि हे कळल्यावर मला पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं दुसरं पत्र एकदम वेगळं दिसायला लागलं. 11 व्या अध्यायात तो तिथल्या मंडळीला म्हणतो मी तुमचं एका पतीशी, म्हणजे ख्रिस्ताशी, वाग्दान केलंय, तीच मागणी. तो स्वतः परूशी, म्हणजे यहूदी नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्यांपैकी, त्याला या शब्दाचं वजन पक्कं माहीत. मला लहानपणापासून वाटायचं आपण प्रभूचे होऊ की नाही ते शेवटी कळणार, दहावीच्या रिझल्टसारखं. तसं नाहीच. नातं झालेलंय, फक्त घरी न्यायचं बाकी आहे. तुझी आजी गेली तेव्हा मला याच गोष्टीने धरून ठेवलं, रडू यायचंच पण ती परक्याच्या दारात गेली असं कधी वाटलं नाही.

उपदेशात सांगतात की नवरा मुलगा बापाच्या घरी जाऊन खोली बांधायचा आणि मग नवरीला न्यायला यायचा. असा ठरलेला विधी होता म्हणणं जरा जास्तच होतं, पण मिश्नात एक फार गोड जागा आहे. बापाने मुलासाठी लग्नाची खोली बांधून घ्यायची तर केवढी, यावर वाद चाललाय. रब्बी, म्हणजे यहूदी गुरू, अकिवा म्हणतात चार हात बाय सहा हात, रब्बी इश्माएल म्हणतात अहो हा तर गुरांचा गोठा झाला. म्हणजे खोली मुलाची पण बांधून घेणारा बाप. आता योहान 14 वाच, येशू शिष्यांना म्हणतो 'माझ्या पित्याच्या घरात', आणि मी तुमच्यासाठी जागा तयार करायला जातो. शिष्यांनी अशी खोली गावात कुणाच्या तरी घरी पाहिली असणारच ना, माती, दगड, नवं छप्पर.

येशूच्या दाखल्यातल्या, दिवे घेऊन वराची वाट बघणाऱ्या दहा कुमारींचंही तसंच. वर यायला उशीर झाला तरी वरात येणार का नाही असा प्रश्न त्या दाखल्यात कुणालाच नाही, प्रश्न फक्त तेलाचा आहे.

तर तुझ्या लग्नापर्यंतचे, डिसेंबरपर्यंतचे हे महिने नुसते साड्या आणि हॉलच्या बुकिंगमध्ये घालवू नकोस. रात्री थोडं मत्तय वाच, तुझ्या होणाऱ्या नवऱ्यालाही वाचायला सांग, योसेफासाठी तरी. तिची बेअब्रू होऊ नये म्हणून गुपचूप बाजूला व्हायला निघालेला माणूस आहे तो, मला फार आवडतो.

आणि हो, तुझ्या सासऱ्यांनी वरची खोली काढायला घेतलीय, मंगळवारी स्लॅब टाकला. विहीणबाईंनी विचारलंय खिडकी रस्त्याकडे हवी का मागे चिंचेकडे. शनिवारच्या आत कळव, गवंडी थांबलाय.

तुझी,
मम्मी