आगेऱ्याच्या लोंब्या

प्रिय बाय,

ऑक्टोबरचा पहिला रविवार म्हणजे आगेरा, नव्या पिकाचा सण. आपल्या वसईत त्या दिवशी नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे उपासनेला, वेदीपुढे नेतात आणि आशीर्वाद घेऊन त्या घरी येतात. तिकडच्या चर्चमध्ये हा सण नसेल तर फादरांना आधी सांगून ठेव, मिस्सेनंतर लोंब्यांवर आशीर्वाद मागून घे.

हळव्या, लवकर पिकणाऱ्या भाताच्या वीस लोंब्या पाठवतेय. उशिरा पिकणारं गरवं अजून हिरवंच आहे. लोंब्या वर्तमानपत्रात गुंडाळल्यात. प्लास्टिकमध्ये घाम धरतो आणि दोन दिवसांत बुरशी येते. आल्या आल्या सावलीत उलट्या टांग, उन्हात कडक वाळल्या की दाणे गळतात.

टांगण्याआधी एक लोंबी मुलांच्या हातात दे. शंभरेक दाणे असतील, ते मोजू देत. मग एकेक दाणा नखाने दाबायला सांग. काही आत रिकामे निघतील, नुसतं तूस. भाताचं फूल सकाळी उशिरा तास-दोन तासच उघडतं. नेमका तेव्हा जोराचा पाऊस आला तर परागकण वाहून जातात आणि दाणा पोचट राहतो. त्या पोचट दाण्यांसकट लोंबी वेदीपुढे जाते, हे मुलांना सांगच. मला हे फार मोलाचं वाटतं. बायबलमध्ये ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 26व्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली अर्पण करताना म्हणायची प्रार्थना आहे. तिची सुरुवात भटक्या पूर्वजापासून आणि मिसर म्हणजे इजिप्तमधल्या जाचापासून होते, पीक शेवटी येतं.

म्हणून रात्री जपमाळेनंतर आभार मानताना ‘सगळ्यासाठी धन्यवाद, देवा’ एवढ्यावर मुलांना सोडू नकोस. तसं म्हणणं सोपं असतं आणि त्यात मन नसतं. प्रत्येकाने या वर्षातली एक नेमकी गोष्ट सांगायची: कोणाचा ताप उतरला, कोणी शाळेत डबा वाटून खाल्ला. आणि एक अवघड गोष्टही, तिच्यातून देवाने कसं नेलं ते. जे अजून सुटलेलं नाही, तेही तसंच त्याच्यापुढे ठेवायचं. नवऱ्याची नोकरी गेली ते मुलांपुढे कसं बोलू, असं तू म्हणशील. बोल. प्रार्थनेत जे येत नाही, त्याचीच मुलांना जास्त भीती वाटते.

आता खीर. सोबत दोन किलो नवा तांदूळ आहे. एक वाटी तांदूळ अर्धा तास भिजव, निथळ, जाडसर भरड काढ आणि चमचाभर तुपावर परत. चार वाट्या नारळाचं पातळ दूध घालून मंद आचेवर शिजव. दाणा बोटांत पूर्ण चुरडला की मगच पाऊण वाटी गूळ घाल. गूळ आधी पडला तर तांदूळ टणक राहतो, मग कितीही शिजव. चिमूटभर मीठ, वेलची. एक वाटी नारळाचं घट्ट दूध शेवटी, गॅस बंद करून. उकळलं तर ते फुटतं. रोजच्या भाताला मात्र जुन्या तांदळाइतकं पाणी घालू नकोस, वाटीला दीड वाटी पुरे, नाहीतर गिचका होतो.

आशीर्वादाच्या पाच-सहा लोंब्यांचे दाणे मुलांकडून फरशीवर चोळून सोलून घे आणि तांदळात मिसळ. मूठभरसुद्धा निघणार नाहीत, पण निघतील ते त्यांनी सोललेले.

ही खीर सहा जणांना पुरते. तुम्ही चौघं आहात. शेताच्या कडा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राखायला बायबलमधल्या ‘लेवीय’ पुस्तकात सांगितलंय, तेव्हा दोन वाट्या खाली वॉचमनकडे जाऊ देत. आधी त्या भर, मग घरच्यांच्या.

उरलेल्या लोंब्या घरच्या वेदीशेजारी टांग. दोन मात्र कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यात घालून कोरड्या बरणीत ठेव. जूनमध्ये बाल्कनीत पेरायच्या. तळाला भोक नसलेली बादली घे, माती शेतातली मिळाली तर उत्तम, रोपं वर आली की चार बोटं पाणी. कबुतरांसाठी जाळी आत्ताच बघून ठेव.

तुझी आई