गालावरची सावली

चि. वैदेहीस,
अनेक आशीर्वाद.

आजीच्या पोर्ट्रेटचा फोटो मिळाला. ठेवण छान साधली आहेस, डोळे तर हुबेहूब. बिघडलंय ते सावलीत. गालाच्या उजेडातल्या रंगातच काळा मिसळलास ना? यलो ऑकरमध्ये, म्हणजे मातकट पिवळ्यात, काळा पडला की रंग हिरवट होतो, म्हणून गाल आजारी दिसतो. बर्न्ट सिएनात, त्या तांबूस तपकिरीत, थोडं अल्ट्रामरीन निळं घालून बघ. गडदपणा येतो आणि त्वचेची ऊबही राहते. कानापाशी त्यातच किंचित अलिझरिन, तो गडद लाल.

काळा वर्ज्य नाही हं. अँडर्स झॉर्न या स्वीडिश चित्रकाराच्या नावाने ओळखलं जाणारं पॅलेट, म्हणजे निवडक रंगांचा संच, पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि आयव्हरी ब्लॅक एवढ्यावरच चालतं. पण तिथे काळा निळ्याचं काम करतो, आणि लाल सोबत असल्याने त्वचा हिरवी पडत नाही.

खरी अडचण रंगाच्या आधीची आहे. डोळे किलकिले करून आजीकडे बघ. बारकावे जातात आणि उजेड नि सावली असे दोनच आकार उरतात. त्यांची सीमा आधी आखून घे. मग सावलीतली सगळ्यात उजळ जागासुद्धा उजेडातल्या सगळ्यात गडद जागेपेक्षा गडदच राहिली पाहिजे. तुझ्या चित्रात कपड्यावरून जबड्याखाली परतलेला उजेड गालाइतका उजळ झालाय, त्यानेच हनुवटीची गोलाई गेली.

आजीला खिडकीपाशी बसवलं असशील, तर बल्ब बंद ठेव. आकाशाचा उजेड निळसर, त्यापुढे सावली उबदार वाटते. पिवळ्या बल्बखाली नेमकं उलट. दोन्ही एकत्र असले की कुठला रंग कुठे, काही कळत नाही.

नाकाची पडछाया नाकालगत धारदार आणि पुढे मऊ होत जाते. गाल वळतो तिथली कड मात्र मऊच हवी. कोरड्या कुंचल्याने हलकेच फिरव. सावलीत टायटॅनियम व्हाइट नको, खडू फासल्यासारखं होतं. डोळ्यातलं पांढरंही राखाडीच घे, वर पापणीची सावली असते.

रंग ओला असेल तर पॅलेट नाइफने (रंगाच्या बोथट सुरीने) खरवडून गाल पुन्हा कर. सावली पातळ लाव, जाड थर उजेडात. आणि पुढचा फोटो रंगीत पाठवशील तेव्हा एक कृष्णधवल करूनही पाठव, गडद-फिकं त्यात लगेच पकडता येतं.

आजीला नमस्कार सांग.

तुझा,
मामा