शिसू म्हणजे शिसव नव्हे

महोदय,

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्हा मिरजकरांची मान उंचावली; परंतु ज्या झाडांवर ही कारागिरी उभी आहे त्यांचा उल्लेख त्या आनंदात कुठेच आला नाही, म्हणून हे पत्र. ज्या भोपळ्यापासून या वाद्यांचा तुंबा बनतो, तो दरवर्षी नव्याने पिकतो. आमच्या आजोबांच्या तानपुऱ्याच्या खुंट्या मात्र काळ्या शिसवाच्या आहेत, आजही त्या सुरावरून सरकत नाहीत, आणि तसे पक्के, गर्द गाभ्याचे लाकूड तयार व्हायला कित्येक दशके जावी लागतात.

सह्याद्रीच्या पानगळीच्या जंगलांत वाढणारा हा काळा शिसव आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातील जातींच्या लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात नोंदलेला आहे. चिरलेल्या लाकडावरून जाती ओळखणे अवघड असल्याने २ जानेवारी २०१७ पासून शिसव ज्यात मोडतो त्या डाल्बर्जिया या प्रजातीतील जवळजवळ सर्व झाडे, वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘सायटिस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यातून सूट मिळाली आणि ती रास्तच होती, कारण खुंट्यांना लाकूड मूठभरच लागते. शिसवाची खरी तोड झाली ती फर्निचरसाठी.

गेल्या पावसाळ्यात एका रोपवाटिकेत मी शिसवाची रोपे मागितली, तर हातात पडली ती शिसूची. बाजारात दोन्हींना सरसकट ‘शिसम’ म्हणतात. पण शिसू हे हिमालयाच्या पायथ्याच्या नदीकाठचे झाड असून त्याला आज धोका नाही, आणि ते लावून सह्याद्रीतला शिसव वाचणार नाही. फरक पानावरूनही कळतो: शिसूच्या पर्णिकेला अणकुचीदार टोक असते, काळ्या शिसवाची पर्णिका टोकाशी बोथट किंवा किंचित खाचेची असते.

वन विभाग आणि सामाजिक वनीकरणाने काळ्या शिसवाची स्वतंत्र नावाने नोंद ठेवून, स्थानिक बियांपासून केलेली रोपे शिराळा आणि पाटण तालुक्यांतील शेतकऱ्यांना बांधावर लावण्यासाठी द्यावीत, आणि पुढे मालकीच्या झाडाची रीतसर तोड करताना त्यांना खेटे घालावे लागणार नाहीत याची हमी आजच द्यावी. त्यावाचून इतक्या सावकाश वाढणारे झाड कोणी का लावावे? शेतकरी बांधवांनाही विनंती आहे. जुन्या शिसवाच्या मुळांपासून आसपास फुटवे येतात. बांधालगत असे फुटवे दिसले, तर ते नांगराखाली जाऊ देऊ नयेत. त्यांतले एक-दोन जोमदार राखून, पहिली काही वर्षे गुराढोरांपासून जपण्यासाठी काट्यांचे कुंपण घालावे.

आपला,
एक संगीतप्रेमी वाचक, मिरज (जि. सांगली)