काका, तो चेक बाबांनी २०१९ मध्येच दिला होता

आदरणीय काका,

सा. न.

हे पत्र पाकिटात घालून मी निगडीला तुमच्या घरी आणून देऊ शकले असते. पण तुम्ही ते न उघडता टेबलावर ठेवलं असतं आणि "मशीन कसं चाललंय?" एवढंच विचारलं असतं. फीचा विषय काढला की तुम्ही चहा मागता, आभाराचा काढला की उठून निघता. म्हणून जाहीरच लिहिते: तुम्ही मला कंपनीचे हिशेब वाचायला शिकवलंत, आणि त्यातही घसारा, म्हणजे वस्तूच्या झिजेपोटी दर वर्षी खर्चात धरलेली रक्कम, त्याबद्दल. भोसरीत आमच्यासारख्या कितीतरी शेड आहेत, जिथे सीएच्या ऑफिसातून ताळेबंद येतो, खुणा केलेल्या जागी सह्या होतात आणि फाइल कपाटात जाते. त्यांच्यापैकी कुणाच्या नजरेला हे पडलं तर मला बरंच वाटेल.

बाबा गेले ते वर्ष आठवतं तुम्हाला. २०२१-२२ चे हिशेब हातात आले तेव्हा मी पहिल्यांदा फाइल उघडून वाचली, आणि शेवटच्या आकड्यावरच अडकले. तोटा, एक लाख चाळीस हजार. बाबांच्या हातात जी कंपनी चालत होती ती माझ्या हातात येताच तोट्यात गेली, असं मनानं घेतलं. त्या रात्री मी आईला म्हटलं, शेड विकून टाकू. आई काही बोलली नाही. सकाळी तिनं तुम्हाला फोन केला होता हे मला खूप नंतर कळलं.

तुम्ही शनिवारी आलात. नफा-तोटा पत्रकावरून बोट फिरवत खाली उतरलात आणि एका ओळीवर थांबलात: घसारा व अमॉर्टायझेशन, ६,१०,०००. मग विचारलंत, "हा चेक कुणाच्या नावानं काढलास?"

मी बँकेचं स्टेटमेंट चाळलं. पगार होते, महावितरणचं बिल होतं, इन्सर्ट, म्हणजे मशीनची कापणारी पाती, विकणाऱ्याचे पैसे होते, भंगारवाल्याकडून आलेली जमाही होती. सहा लाख दहा हजार कुणालाच दिलेले नव्हते. तुम्ही एक रद्द झालेलं डिलिव्हरी चलन उलटं केलंत आणि पेन्सिलीनं मांडलंत. तोटा उणे १,४०,०००. त्यात घसारा मिळवला, आले ४,७०,०००. उधारी आणि पडलेला माल जवळपास गेल्या वर्षीइतकाच, म्हणून तो बाजूला ठेवला. त्यातून मशीनच्या कर्जाची मुद्दल ४,००,००० फेडली गेली, कारण व्याज खर्चात धरलेलं असतं, मुद्दल नाही. उरले सत्तर हजार. "ज्या वर्षी तुझे वडील गेले, त्या वर्षी या शेडनं सगळ्यांचे पगार केले, बँकेचे हप्ते भरले आणि वर सत्तर हजार शिल्लक टाकले," असं तुम्ही म्हणालात. ते चलन माझ्या ड्रॉवरमध्ये अजून आहे.

मोठ्या कंपन्यांच्या अहवालात हीच मांडणी रोकड प्रवाह पत्रक म्हणून छापलेली असते. करपूर्व नफ्यापासून सुरुवात आणि पहिल्याच काही ओळींत घसारा परत मिळवलेला. कंपनी कायद्यानं छोट्या कंपन्यांना ते पत्रक जोडण्यातून सूट दिली आहे, म्हणून आमच्या फाइलमध्ये ते नव्हतंच. सूट चांगल्या हेतूनं दिली असेल. पण ते पत्रक वाचण्याची सगळ्यात जास्त गरज ज्यांना असते, त्यांच्याच हातात ते पडत नाही, असं मला आता वाटतं.

त्या दिवशी तुम्ही एवढ्यावर थांबला असता तर मी अर्धवट शिकून मोकळी झाले असते. मी लगेच म्हटलं होतं, "म्हणजे घसारा हा नुसता कागदी खर्च!" एका सल्लागारानंही आम्हाला तेच सांगितलं होतं, घसाऱ्याकडे बघू नका, तो टॅक्स वाचवायला असतो. तुम्ही नकारार्थी मान हलवलीत आणि मला खाली व्हीएमसीजवळ, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या आमच्या मिलिंग मशीनजवळ, घेऊन गेलात. मशीन चालू होतं. स्पिंडलच्या, म्हणजे हत्यार फिरवणाऱ्या दांड्याच्या, बाजूच्या पत्र्यावर माझा तळवा ठेवायला लावलात. बारीक थरथर लागत होती, मधूनच एक खरखर. मागच्या प्लेटवर वर्ष कोरलेलं होतं, २०१९. तुम्ही म्हणालात, "तो चेक तुझ्या वडिलांनी २०१९ मध्येच दिला. तीस लाखांचा. त्याच वर्षी तो सगळा खर्चात टाकला असता तर त्या वर्षी कंपनी बुडाल्यासारखी दिसली असती, आणि पुढची चौदा वर्षं मशीन फुकट राबतंय असं वाटलं असतं. दोन्ही खोटं. ही खरखर ज्या वर्षाची, तिचा खर्च त्या वर्षाच्या नावावर."

घसारा मला समजला तो तळव्याला.

मग हिशेब. कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत साध्या यंत्रसामग्रीचं आयुष्य १५ वर्षं धरलं आहे आणि शेवटी उरणारी किंमत साधारणपणे मूळ किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त धरायची नाही. तीस लाखांतून दीड लाख वजा, उरलेल्या साडेअठ्ठावीस लाखांचे पंधरा समान भाग, म्हणजे वर्षाला १,९०,०००. त्याच अनुसूचीत संगणकाला ३ वर्षं, सर्व्हरला ६, फर्निचरला १०, आरसीसी फॅक्टरी इमारतीला ३०. ही वर्षं वाचताना मला पहिल्यांदा जाणवलं की ताळेबंद ही वस्तूंच्या वयांचीही यादी असते.

दुसरी पाळी सुरू केली तेव्हा तुम्ही आठवण करून दिलीत की डबल शिफ्ट चालली तर तेवढ्या काळाचा घसारा दीडपट धरायचा आणि तीन पाळ्या चालल्या तर दुप्पट. १,९०,००० चे २,८५,००० झाले. मला धक्का बसला, पण तुम्ही तासांनी भागायला लावलंत. एका पाळीचे वर्षाला २,४०० तास धरले तर तासाला ७९ रुपये. दोन पाळ्यांचे ४,८०० तास, तर ५९. आणि मग विचारलंत, कोटेशनमध्ये हे ७९ कुठे आहेत? नव्हते. मी वीज, टूल, ऑपरेटरचा पगार आणि वर थोडा नफा, एवढंच धरत होते. दीड वर्षं मी प्रत्येक तासाला बाबांच्या मशीनचे ७९ रुपये गिऱ्हाईकाला देऊन टाकत होते आणि ऑर्डर मिळाली म्हणून खूश होत होते. त्या संध्याकाळी मी सगळी कोटेशनं नव्यानं काढली. दोन गिऱ्हाईकं गेली. जी राहिली त्यांच्या पैशांवर आज मशीन उभं आहे. तुम्ही मला दिलेल्या सगळ्यात मोठ्या गोष्टीसाठी आभार मानायचे तर या संध्याकाळचे.

इन्कम टॅक्सचा घसारा वेगळा का, यावर मात्र मी तुम्हाला तीन शनिवार छळलं. तिथे मशीन एकेकटं नसतं, एकाच दराच्या वस्तूंचा ब्लॉक असतो आणि दर वर्षी उरलेल्या शिलकेवर टक्का लागतो. यंत्रसामग्रीला १५, संगणकाला ४०, फर्निचरला १०. घेतलं त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर त्या वर्षी निम्माच. जादा घसाऱ्याची सवलत बाजूला ठेवली तरी तीस लाखांवर पहिल्याच वर्षी ४,५०,००० मिळतात, पुस्तकात मात्र १,९०,०००. फरक २,६०,०००. त्यावर सेस धरून २६ टक्क्यांनी ६७,६०० रुपये टॅक्स आज वाचतो, आणि पुढे टॅक्सचा घसारा कमी कमी होत गेला की तोच भरावा लागतो. ताळेबंदातली 'डिफर्ड टॅक्स लायबिलिटी' ही ओळ म्हणजे हीच उसनवारी. तुमचा शब्द होता, "माफ नाही झाला, पुढे ढकललाय."

अमॉर्टायझेशन मला सोपं वाटलं होतं. जे हाताला लागत नाही त्याचा घसारा, इतकंच. कॅमचं, म्हणजे मशीनला कापण्याचा मार्ग आखून देणारं, सॉफ्टवेअर घेतलं, २,४०,००० ला, चार वर्षं उपयोगी पडेल असं धरलं, वर्षाला ६०,०००. पण त्याच तक्त्यात एक ओळ होती जी मला चुकीचीच वाटली. जमिनीपुढे वर्षाला ३,००० रुपये. जमिनीला घसारा नसतो हे तर अकरावीच्या पुस्तकातच शिकवतात. तुम्ही बाबांची जुनी फाइल काढायला लावलीत. त्यात एमआयडीसीचा करारनामा होता, १९९६ चा, ९५ वर्षांचा भाडेपट्टा, सुरुवातीला एकदाच भरलेला प्रीमियम २,८५,०००. जमीन झिजत नाही, पण तिच्यावरचा आपला हक्क झिजतो. पंचाण्णव वर्षांपैकी एकेक वर्ष दर मार्चला संपतं. इतकी वर्षं मी त्या गेटातून 'आपल्या जागेत' शिरत होते. त्या तीन हजारांनी मला आमच्या शेडचा खरा अर्थ सांगितला.

हळूहळू तुम्ही मला मोठ्या कंपन्यांचे अहवाल वाचायला लावलेत. नफा कितीही असो, आधी लेखा धोरणांची टीप उघडायची आणि कुठल्या वस्तूला किती वर्षं धरलीत ते बघायचं, ही सवय तुमची. आयुष्य हा अंदाज असतो, आणि अंदाज बदलला की नफा बदलतो, बँकेत एक रुपयाही न हलता. २०२३ मध्ये अल्फाबेटनं, म्हणजे गूगलच्या कंपनीनं, सर्व्हरचं आयुष्य चारवरून सहा वर्षं केलं. तसं जाहीर लिहून केलं, म्हणून वाचणाऱ्याला तुलना करता येते. आणि अमेरिकेतल्या 'वेस्ट मॅनेजमेंट'चं प्रकरण तुम्ही सांगितलंत ते विसरणं शक्य नाही. कचरा उचलणाऱ्या ट्रकांचं आयुष्य वाढवत न्यायचं, शेवटी उरणारी किंमत फुगवायची, म्हणजे घसारा कमी आणि नफा जास्त. १९९८ मध्ये त्यांना १९९२ ते १९९७ चे हिशेब दुरुस्त करावे लागले, १.७ अब्ज डॉलरनं. कचऱ्याची गाडी किती वर्षं टिकते, अशा साध्या प्रश्नांच्या आडून इतकं मोठं खोटं उभं राहू शकतं. तेव्हापासून कुणी मला व्याज, टॅक्स, घसारा धरण्याआधीचा नफा अभिमानानं दाखवला की मी विचारते, आणि मशीन बदलायला पैसे कुठून आणणार?

हा प्रश्न तुम्ही मलाही विचारला होता. २०२३-२४ ला बँकेत बऱ्यापैकी शिल्लक जमली आणि मी गाडी बुक करायला निघाले होते. तुम्ही रागावला नाहीत. "यातले घसाऱ्याचे किती?" एवढंच विचारलंत. मी रजिस्टर काढलं. जवळजवळ सगळे. कायद्यानं ते वेगळे ठेवायचं बंधन नाही, पण त्या आठवड्यात मी मुदत ठेवीचं एक खातं उघडलं आणि त्यावर मशीनचंच नाव घातलं. सव्वा वर्षानं स्पिंडलची खरखर वाढली आणि बेअरिंगसकट सगळा स्पिंडल दुरुस्तीला द्यावा लागला, तेव्हा मला कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

आता ज्या कारणानं हे पत्र आजच लिहायला घेतलं ते सांगते. बाबांचा पहिला लेथ काल विकला. १९९६ ला १,६०,००० ला घेतलेला. पुस्तकात त्याची उरलेली किंमत ८,००० होती, कितीतरी वर्षं तेवढीच. विकला गेला ५५,००० ला. तुम्ही शिकवल्याप्रमाणे नोंद मीच केली. पुस्तकात ४७,००० विक्रीचा नफा, आणि टॅक्सच्या बाजूला ब्लॉकमधून सरळ ५५,००० वजा. पुस्तकातली किंमत म्हणजे बाजारातली किंमत नव्हे, ती फक्त अजून खर्चात न टाकलेली रक्कम, हे मी त्या रकान्यात आठ हजार खोडताना पुन्हा एकदा शिकले. खोडताना हात थोडा थांबला. बाबांचं अक्षर होतं त्या पानावर.

लेथ घेतला तो आपल्याकडे अप्रेंटिस म्हणून आलेला मुलगा, तळवड्यात स्वतःची छोटी शेड टाकतोय. टेम्पोत चढवताना त्यानं विचारलं, "ताई, माझ्या पुस्तकात हा पंचावन्न हजारांचा येणार ना? मग मी याला किती वर्षं धरू?" मी त्याला तुमचा पत्ता दिलाय. शनिवारी येईल. चहा त्याच्याकडून घ्या.

तुमची,
भोसरीची मुलगी