ट्रेलवरच्या त्या कांद्याबद्दल

आई, बाबा,

मी पाठवलेला गुलाबी फुलांचा फोटो बघून बाबांनी विचारलं होतं की हा कांदाच कशावरून आणि खाता येतो का. फोनवर सगळं सांगणं होत नाही, आणि तुम्ही मे अखेरीला येताय तेव्हा तो फुललेला असणार, म्हणून लिहितेय.

हो, तो इथलाच रानातला कांदा, ॲलियम ॲक्युमिनेटम, इथले लोक टेपरटिप अनियन म्हणतात. सॉल्ट लेक सिटीच्या वरच्या कोरड्या टेकड्यांवर सेजब्रशच्या झुडपांमधे येतो. बर्फ वितळल्यावर जेवढी ओल असते तेवढ्यात पान, फूल, बी सगळं उरकून घेतो आणि मग उन्हाळाभर गड्डा जमिनीखाली पडून. फुलं येईपर्यंत पानं सुकायला लागतात, म्हणून फोटोत ती दिसत नाहीयेत.

ओळखायचा फुलांवरून. दांड्याच्या टोकाला एकाच ठिकाणाहून सगळ्या फुलांचे देठ निघतात, आपल्याकडे डेंगळे आलेल्या कांद्याला असतात तसे. पाकळ्या सहा, बाहेरच्या तीन लांब टोकदार नि टोकं मागे वळलेली, आतल्या तीन लहान. पान चुरडलं की कांद्याचा वास.

पण बाबा, करोनानंतर तुम्हाला वास नीट येत नाही आणि फिरताना दिसेल ते पान तोडून चावायची सवय काही सुटलेली नाही, मला तीच काळजी आहे. त्याच टेकड्यांवर त्याच दिवसांत डेथ कॅमस नावाचं झाड येतं, पानं तशीच गवतासारखी लांब, खाली तसाच गड्डा, आणि मुळापासून फुलापर्यंत विषारी. मेंढ्या मरतात खाऊन. माणसाला उलट्या होतात, बीपी उतरतं, हृदयाचे ठोके मंदावतात, आणि तुमच्या तर हार्टच्या गोळ्या चालू आहेत. त्याची फुलं पांढरट पिवळसर असतात आणि दांड्यावर खालून वर लागत जातात, एका ठिकाणाहून निघत नाहीत. कांद्याचा वास नसतो, पण आधी कांदा हाताळला असेल तर बोटांनाच वास लागलेला असतो, मग पुढचं प्रत्येक पान कांद्याचंच वाटतं, त्यामुळे चांगलं नाक असलेल्यानेही नुसत्या वासावर जाऊ नये. फुलं नसताना तर दोन्ही अगदी सारखे दिसतात.

आई, तुला कोळकांदा माहितीये ना, तोही दिसायला कांदा पण विषारीच, तसंच समज.

इथले मूळ रहिवासी, यूट आणि गोशूट जमातींचे लोक, पूर्वीपासून हा कांदा खात आलेत, त्यांना कुठल्या उतारावर काय उगवतं ते पिढ्यान्पिढ्या ठाऊक. मी मात्र उपटत नाही, बीपासून फुलण्याजोगा गड्डा व्हायला काही वर्षं जातात आणि एक खेचला की ते झाड संपलं.

तर बाबा, ट्रेलवर काहीही तोंडात घालायचं नाही, एवढं माझं ऐका. जवळचा चष्मा हॅन्डबॅगेतच ठेवा, पाकळ्यांची ती वळलेली टोकं त्याशिवाय दिसणार नाहीत तुम्हाला. ऊन चढायच्या आत सकाळीच जाऊ, तासाभराचीच चढण आहे, आईच्या गुडघ्यांना झेपेल अशी.

तुमची लेक