न्हाणीला पॅनेल की टाइल्स?

संपादक महोदय,

न्हाणी नवी करायला काढली, तर दुकानदार भिंतींना पीव्हीसी (एक प्रकारचं प्लास्टिक) पॅनेलच घ्या म्हणतो. सांधे कमी, पाणी मुरत नाही, काम झटपट. खरं आहे. आमच्या दर्यापूरकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. भिंत हलते अन् टाइल्स तडकतात. पॅनेल तेवढं सांभाळून घेतं. पण आमच्या घरी अजून बंब पेटतो! पीव्हीसी ७५-८० अंशांना मऊ पडतं, हे दुकानात कोणी सांगत नाही. बोअरचं खारं पाणी तर दोन्हींवर पांढरे डाग सोडणारच. मी बंबाकडच्या भिंतीला टाइल्स अन् बाकी भिंतींना पॅनेल लावतोय. मिस्त्री नाक मुरडतो, मुरडू द्या. कंपन्यांनी निदान उष्णतेची मर्यादा पॅनेलवर मराठीत छापावी.

— एक शेतकरी, ता. दर्यापूर, जि. अमरावती